पाट्यांचं गाव

गॉटिंगेन हे नाव नीट उच्चारायचं तर ओठांनी ‘ओ’चा चंबू करायचा आणि आतून ‘ए’ म्हणायचं. मला ते अजून जमलेलं नाही. तिथल्या लोकांनी मात्र ते मनावर घेतलं नाही, कारण त्यांच्या गावात पूर्वी याहून विचित्र माणसं राहून गेली आहेत. आणि तशी लेखी नोंद घराघरांवर आहे.

पुणेकराला पाटीचं कौतुक सांगू नये, हे मान्य. पण आपली पाटी येणाऱ्याला काय करू नये ते सांगते. इथली संगमरवरी पाटी, या घरात पूर्वी कोण राहिलं ते सांगते : नाव, पेशा, सालं, बस. 1874 पासून लावताहेत. तीनशेच्या वर झाल्या. गाव सव्वा लाखाच्या आतबाहेरचं, लाइनं नदीकाठी, पूर्वेला हाइनबर्गची झाडी. 953 सालच्या एका दस्तऐवजात ‘गुटिंगी’ म्हणून पहिला उल्लेख. पुढची काही शतकं आपण गाळू, कारण खरी गर्दी विद्यापीठाने केली. हॅनोव्हरचा अधिपती आणि ब्रिटनचा राजा असलेल्या दुसऱ्या जॉर्जने ते काढलं. 1737 मध्ये उद्घाटन.

गाउसने इथेच वेबरच्या साथीने 1833 मध्ये छपरांवरून तार ओढून किलोमीटरभर अंतरावर विजेने निरोप धाडले. म्हणजे दोन प्राध्यापकांना एकमेकांकडे चालत जायचा कंटाळा आला, की जगाचं काय होतं पाहा. त्याच साली बिस्मार्क नावाचा दंगेखोर विद्यार्थी शहराबाहेर हाकलला गेला आणि तटबंदीवरच्या एका बुटक्या घरात राहिला. आता ते घर ‘बिस्मार्कचं घर’ म्हणून कौतुकाने दाखवतात. 1837 मध्ये हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना मोडीत काढली, तेव्हा निषेध करणाऱ्या सात प्राध्यापकांना नोकरीतून काढलं. त्यांत परीकथांचे ग्रिम बंधूही होते. याकोबला तर तीन दिवसांत राज्य सोडावं लागलं. त्यांच्याही पाट्या आहेत. आधी हाकलायचं, मग संगमरवर! 1933 मध्ये नाझींनी माक्स बोर्न, एमी नोटर यांना विद्यापीठातून काढलं, तेव्हा मात्र गणित आणि भौतिकशास्त्र असं उठून गेलं की नुसत्या पाटीने भरपाई होणं अवघडच.

टाउन हॉलसमोर कारंज्यावर हंसिणी घेतलेली एक ब्राँझची पोरगी उभी आहे, गेन्सेलीझेल. डॉक्टरेट मिळाली की वर चढून तिचं चुंबन घ्यायचं, अशी प्रथा. 1926 मध्ये नगरपालिकेने बंदी घातली. बंदीचं काय झालं, ते पोरीच्या हातातल्या फुलांवरून कळतं.

आमच्या संस्कृतपंडित रा. गो. भांडारकरांना 1885 मध्ये इथलीच मानद डॉक्टरेट मिळाली, पण ते काही कारंज्यावर चढले नसणार. पुतळाच मुळी 1901 चा. फ्रांझ कीलहॉर्न मात्र पुण्याहून इथे आले. 1866 पासून पंधरा वर्षं डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवलं, शास्त्र्यांजवळ बसून व्याकरण घोटलं, पतंजलीच्या महाभाष्याची आवृत्ती हाती घेतली आणि 1882 मध्ये गॉटिंगेनला प्राध्यापक झाले. अखेरपर्यंत, म्हणजे 1908 पर्यंत, तिथेच राहिले.

जर्मनीत दुपारी एक ते तीन गोंगाट करू नये अशी जुनी रीत आहे. पुण्याहून गेलेल्या माणसाला तास एक कमीच पडला असणार.