कडबोळं आणि ठेठरी

पोळा दोन-तीन दिवसांवर आला की आमच्या वैशाली नगरच्या गल्लीत भरदुपारी बेसनाचा खमंग वास सुटतो. छत्तीसगढी घरांत तीजा-पोराची तळणी सुरू झालेली असते. ठेठरी म्हणजे बेसनाची वळी, हातावर लांबवून, दुमडून, पीळ देऊन तळलेली. खुरमी गुळाची, गोड. समोरच्या दीदी दर वर्षी डबा भरून आणून देतात. आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा आमच्या भिलाईचा अलिखित कायदा. १९५५ साली रशियाशी करार झाला, पोलादाचा कारखाना आला आणि त्याच्यामागून देशभरची माणसं इथे आली. त्यांना एकमेकांच्या भाषा कळायच्या आधी एकमेकांचे डबे कळले असणार, असं मला वाटतं.

२०२५ च्या २० ऑगस्टला दीदी डबा घेऊन आल्या, तेव्हा आमच्या टीव्हीवर रायपूरच्या राजभवनातला शपथविधी फिरफिरून दाखवत होते. मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या मंत्रिमंडळात तीन नवे मंत्री आले होते. त्यांतले गजेंद्र यादव तर शेजारच्या दुर्ग शहराचे आमदार. दीदींनी पडद्याकडे पाहत बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "अब चौदा झन होगे."

या चौदात गंमत आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येला लगाम घातला. त्याआधी उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांच्या मंत्रिमंडळात ९३ मंत्री होऊन गेले होते. तेवढ्यांची पंगत मांडायची तर पाटही भाड्याने आणावे लागावेत. दुरुस्तीने सांगितलं, मुख्यमंत्री धरून विधानसभेच्या १५ टक्क्यांवर मंत्री नकोत. छत्तीसगडात आमदार ९०. त्यांचे १५ टक्के साडेतेरा. आता हा अर्धा मंत्री कुठून आणायचा? सकाळी मंत्री आणि दुपारच्या जेवणानंतर नुसता आमदार, असा कुणी तयार होईल? इतकी वर्षं इथे तेरावरच भागवलं. पण हरियाणातही आमदार ९० आणि तिथे मंत्री चौदा. मग इथेही त्या अर्ध्याला बढती मिळाली.

मराठी माणसाला खरं तर अर्ध्याचं वावडं नाही. आपले मुहूर्त साडेतीन. पेशवाईतले शहाणेही साडेतीन, आणि त्यांतले अर्धे होते नाना फडणवीस, कारण त्यांनी कारभार केला पण तलवार गाजवली नाही. अर्धं असणं आपल्याकडे मोठेपणाच्या आड येत नाही. महाराष्ट्राचे २८८ आमदार, त्यांचे १५ टक्के ४३.२. त्या पॉइंट दोन मंत्र्याचं काय करतात, हे मी दादाला विचारलं होतं. दादा म्हणाला, "अगं, त्याला महामंडळ देतात."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, साताऱ्याला असतो. डिसेंबर २०२४ पासून तो फोनवर जरा मोठ्याने बोलतो. कारण महाराष्ट्राच्या तेव्हाच्या नव्या मंत्रिमंडळात एकट्या सातारा जिल्ह्याला चार मंत्रिपदं मिळाली: शंभूराज देसाई, शिवेंद्रसिंहराजे भोसले, जयकुमार गोरे आणि मकरंद पाटील. तिन्ही सत्ताधारी पक्षांचं कुणी ना कुणी त्यात आहे. "जिल्ह्यातच युती झाली म्हण ना," असं दादा म्हणतो. त्या दिवशी मी त्याला फोन करून ऐटीत सांगितलं, आमच्या दुर्गलाही मिळालं. तो म्हणाला, "एकच? बरं, सुरुवात आहे." माहेरची माणसं सासरच्या भरभराटीबद्दल अशीच बोलतात.

दीदी टीव्हीवर माझ्या मराठी बातम्याही बघतात. महाराष्ट्रातल्या सरकारला त्या 'खिचडी सरकार' म्हणतात. हिंदीत तसंच म्हणतात. आम्ही मराठीत त्याला कडबोळं म्हणतो. पदार्थच वेगळा म्हटल्यावर त्यामागचा विचारही वेगळा असणार, असं माझ्या मनात आलं. डबाही परत करायचाच होता. दुसऱ्या दिवशी मी कडबोळ्यांचा घाट घातला.

खिचडीत काय असतं? डाळ-तांदूळ एकदम धुवायचे, एका कुकरात घालायचे, वर झाकण लावायचं. तीन शिट्ट्या झाल्या की डाळ कुठली आणि तांदूळ कुठला, हे डाळ-तांदळालाही सांगता येत नाही. कडबोळ्याचं तसं नाही. त्याला भाजणी लागते, आणि भाजणीतलं प्रत्येक धान्य वेगळं भाजावं लागतं. तांदूळ वेगळे, हरभऱ्याची डाळ वेगळी, उडीद, मूग, ज्वारी, शेवटी धने आणि जिरे. सगळं एकदम कढईत टाकलं तर जिरं जळून जातं आणि हरभऱ्याची डाळ तशीच कच्ची. त्यातही उडीद लवकर तापणारा, त्याच्याकडे पाठ करायची सोय नाही. प्रत्येकाची आच वेगळी, वेळ वेगळी.

२०२४ साली २३ नोव्हेंबरला महाराष्ट्राचा निकाल लागला. भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१. आकडे इतके भरभक्कम, की आता संध्याकाळपर्यंत मंत्रिमंडळ होईल असं आमच्या ह्यांना वाटलं. हे कारखान्यातून निवृत्त झालेले. भट्टी पेटली की पोलाद निघणारच, अशी त्यांची समजूत. पण भाजणी मंद आचेवरची. मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री यांचा शपथविधी ५ डिसेंबरला आझाद मैदानावर झाला. बाकीच्या ३९ जणांचा १५ डिसेंबरला नागपुरात. खाती जाहीर झाली २१ डिसेंबरला. जवळजवळ महिनाभर कढई चुलीवर होती आणि रोज बातमी यायची: अमुक नाराज, तमुक गावी गेले, तमुक दिल्लीला. हे वैतागून म्हणायचे, "यांना एकत्र बसवून एकदाच का विचारत नाहीत?" मी म्हटलं, "अहो, भाजणी एकदम भाजत नाहीत."

नागपूरच्या शपथविधीचं आम्हाला थोडं जास्त कौतुक. १९५६ पर्यंत दुर्ग, रायपूर हा सगळा मुलूख नागपूरच्याच राज्यात होता आणि मुख्यमंत्री होते रायपूरचे रविशंकर शुक्ल. म्हणजे एके काळी आमचीही खाती नागपुरातच वाटली जायची.

खाती म्हटल्यावर आठवलं. पहिल्यांदा 'खातेवाटप' ऐकलं तेव्हा दीदी चमकून म्हणाल्या, "भाभी, ये लोग क्या खाते हैं?" हिंदीत विभाग वाटतात, आम्ही खाती वाटतो. मी समजावून सांगितलं, पण त्यांचा पहिला अर्थच त्यांना जास्त पटलेला दिसला. आमच्यात काही खात्यांना मलईदार म्हणतात, हे मी मग सांगितलंच नाही. त्यानंतर आले पालकमंत्री. इकडे त्यांना प्रभारी मंत्री म्हणतात, सरळ हिशेब. पालक म्हणजे दीदींना सुपेल्याच्या बाजारातली जुडी डोळ्यांपुढे आली. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी लागली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नावांना स्थगिती मिळाली, तेव्हा त्यांनी विचारलं, "एक पालक के लिए इतना झगड़ा?" मी म्हटलं, "भाजी में नहीं, जुड़ी बाँधने में झगड़ा है."

भाजणी दळून आणली की पुढची परीक्षा मोहनाची. कडकडीत तेलाचं मोहन पिठावर घालतात. जास्त पडलं तर कडबोळं तेलात विरघळतं, कमी पडलं तर दातांचा दवाखाना गाठावा लागतो. मंत्रिपदांचं माप अगदी असंच. २००४ साली राष्ट्रवादीचे ७१ आमदार आले आणि काँग्रेसचे ६९. रीतीप्रमाणे मुख्यमंत्रिपद ज्याचे जास्त त्याचं. पण मुख्यमंत्री झाले काँग्रेसचे विलासराव देशमुख आणि राष्ट्रवादीने त्याबदल्यात जास्तीची मंत्रिपदं घेतली. धाकट्याला चांदीचं ताट, थोरल्याला वाट्या जास्त. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हा न्याय समजावून सांगावा लागत नाही.

तरीही ज्याचं मन राहत नाही त्याच्यासाठी 'उप' आहे. महाराष्ट्राला पहिले उपमुख्यमंत्री मिळाले १९७८ मध्ये, नाशिकराव तिरपुडे. दोन काँग्रेस एकत्र आल्या होत्या. एकीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, दुसरीचे तिरपुडे उप. राज्यघटनेत या पदाचा उल्लेख नाही. कायद्याच्या लेखी तेही एक मंत्रीच. पण उपवासाचं तरी काय वेगळं आहे? साबुदाणा, वरी, दही, केळं, सगळं पोटात गेलेलं असतं, फक्त 'जेवलो' म्हणता येत नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये ते सरकार पडलं आणि ३७ वर्षांचे शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. पुलोद ही माझ्या आठवणीतली पहिली अस्सल भाजणी. जनसंघातून आलेले हशू अडवाणी आणि शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख एकाच मंत्रिमंडळात. तेव्हा आमच्या साताऱ्याच्या घरी बाबांनी पेपर खाली ठेवून आईला विचारलं होतं, "हे टिकेल का गं?" आई कडबोळी वळत होती. म्हणाली, "पीठ चांगलं आहे, पण टोकं चिकटली पाहिजेत." ती कडबोळ्याबद्दलच बोलत होती. सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झालं, पण त्यात टोकांचा दोष नव्हता. इंदिराबाईंनी दिल्लीहून कढईच उतरवली.

आईचं म्हणणं मला कडबोळी वळताना दर वेळी आठवतं. पिठाची वळी करायची, तिचं कडं करायचं आणि जिथे दोन टोकं भेटतात तिथे बोटाने दाबायचं. सगळी मेहनत या एका चिमटीवर. नीट दाबलं नाही तर तेलात पडल्यावर कडं हळूच उघडतं आणि नुसती काडी तरंगते. तळणाऱ्याला सांध्याची जागा लगेच दिसते, तसंच आघाडी सरकारचं. १९९५ साली मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री, गृहखातं मुंड्यांकडे. सांधा कुठे आहे ते शाळकरी पोरालाही माहीत होतं. २०१९ मध्ये तीन पक्ष एकत्र आले तेव्हा विरोधकांनी त्याला तीनचाकी रिक्षा म्हटलं. २०२२ मध्ये एकेकाळी रिक्षा चालवलेले एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, आणि मग ३० जून ते ९ ऑगस्ट, चाळीस दिवस महाराष्ट्रात दोनच मंत्री होते. एकाने प्रस्ताव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं. नव्या जोडप्याच्या संसारासारखं सुरळीत. विस्तार झाला आणि सासर-माहेरची माणसं राहायला आली.

आमच्या छत्तीसगडाला हा अनुभव नाही. २००० साली राज्य झाल्यापासून इथे एका वेळी एकाच पक्षाचं सरकार. ठेठरीसारखं, निव्वळ बेसन. आमच्या वैशाली नगरने तर उलटाच विक्रम पाहिला. २००८ मध्ये हा मतदारसंघ नवा झाला. पहिल्या आमदार सरोज पांडे. त्या दुर्गच्या महापौर होत्याच, आणि २००९ मध्ये दुर्गच्या खासदारही झाल्या. महापौर, आमदार, खासदार, तिन्ही एकदम. मुंबईत एका खुर्चीवर तिघांना सामावताना नाकी नऊ येतात आणि इथे तीन खुर्च्या एकीनेच सांभाळल्या. त्या दिल्लीला गेल्या तेव्हा आम्हाला वर्षभरात पुन्हा बोटाला शाई लावून घ्यावी लागली, एवढाच काय तो त्रास.

मी हा मुद्दा कडबोळी देताना दीदींना जरा तोऱ्यात ऐकवला. आमचं सात जिनसांचं, म्हणून आमच्याकडे रोज भांडण. तुमचं एका पिठाचं, म्हणून शांतता. दीदी हसल्या. म्हणाल्या, पाच वर्षं आम्ही 'ढाई-ढाई साल' ऐकत होतो ते विसरलात? खरंच की. २०१८ नंतर भूपेश बघेल आणि टी. एस. सिंहदेव यांच्यात मुख्यमंत्रिपदाची अडीच-अडीच वर्षांची वाटणी ठरली आहे म्हणून चर्चा होती. एकच पक्ष, एकच चिन्ह. शेवटी निवडणुकीला काही महिने उरले असताना, जून २०२३ मध्ये, सिंहदेव उपमुख्यमंत्री झाले. आता तर इथेही दोन उपमुख्यमंत्री आहेत. बस्तरला किती, सरगुज्याला किती, कुठल्या समाजाला किती, हे मोजणं काही संपलेलं नाही.

दीदींनी एक कडबोळं मोडून खाल्लं, दुसरं उचललं. "बने लागिस," म्हणाल्या. मग मी त्यांच्या डब्यातली शेवटची ठेठरी तोंडात टाकत विचारलं, की माझ्याच्याने अशी कुरकुरीत का होत नाही? बेसन तर मीही चांगलंच वापरते.

दीदींनी दाराकडे एकदा पाहून घेतलं, सासूबाई ऐकत असाव्यात तसं. आणि हळूच म्हणाल्या, "थोरकुन चाउर पिसान घलो डारथंव, नइ त कुरकुरा नइ होय."

म्हणजे थोडं तांदळाचं पीठ. बाहेरून पाठिंबा.