आपल्याच लाइनीवरचा माणूस

"काय करून राहिल्या, मावशी?"

"शेंगा सोलून राहिली. पदर पसर, अर्ध्या तू घे. काल संध्याकाळी पोरगी कशाला रडत होती तुझी?"

"मार नाही दिला हो! 'केवढे हे क्रौर्य' पाठ करत होती. त्यातली पक्षीण मरते ना. कवितेखाली नाव टिळकांचं. मी आपली म्हटलं, लोकमान्य कविताही करत होते का काय!"

"अगं बापा! ते टिळक वेगळे. हे नारायण वामन, रेव्हरंड टिळक. कोकणातल्या करजगावचे चित्पावन ब्राह्मण, पुढे ख्रिस्ती झाले. अन् त्याची सुरुवात झाली आपल्या लाइनीवर."

"गोंदियात?"

"गाडीत. 1893 च्या सुमाराची गोष्ट. नागपूरहून राजनांदगावला निघाले होते नोकरीसाठी. डब्यात एक गोरा भेटला. येशूच्या गोष्टी काढल्या, 'नवा करार' हातात ठेवला अन् वरून म्हणे, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल."

"आगाऊच की!"

"टिळकांनाही तसंच वाटलं. पण वाचीन म्हणून शब्द दिला होता, तो पाळला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले अन् पुस्तक खाली ठेववेना. आता हे बोलणं तिरोड्याला झालं का सालेकशाला, कोणी लिहिलं नाही. मी तर गोंदियालाच झालं म्हणते. तेव्हा आपलं जंक्शनही झालं नव्हतं, तेवढा तरी मान मिळू दे!"

"अन् खरंच झाले दोन वर्षांत?"

"10 फेब्रुवारी 1895, मुंबईत बाप्तिस्मा. बायकोला मात्र आधी पत्ता नाही. माणूस कितीही देवाचा असो, हे काही मला पटत नाही बाई. ती सोवळ्यातली, पोर लहान, नातेवाइकांत तोंड दाखवायची सोय नाही. काही वर्षं मनानं वेगळीच राहिली. मग तिनं स्वतःच विचार केला, की जाती देवानं केल्या का माणसानं? अन् 1900 मध्ये तिनंही बाप्तिस्मा घेतला. नवरा म्हणतो म्हणून नाही हं."

"संसार जमला मग?"

"जमला म्हणजे काय! घरात सामान नाही म्हणून बाजारात धाडावं, तर हा गृहस्थ दौत घेऊन यायचा. पण भक्ती अस्सल. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं सांगायचे. ख्रिस्ताचं कीर्तन करायचे. अजूनही मराठी चर्चमध्ये त्यांची कितीतरी गाणी म्हणतात. 1904 मध्ये पाळक झाले, पण जीव साहेबी थाटात रमला नाही. 1917 ला मिशनचा पगार सोडला, साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेलेही त्यात, न घेतलेलेही."

"मिशनवाल्यांना चाललं?"

"सगळ्यांना कसं चालेल? दोनच वर्षं मिळाली पण. 1919 च्या मेमध्ये गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अर्धवट राहिलं, अकरा-एक अध्याय झालेले. पुढचे चौसष्ट त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी रचले. जिला लग्नात धड लिहिता येत नव्हतं, तिनं!"

"ह्याच का त्या, 'स्मृतिचित्रे'वाल्या?"

"ह्याच. आहे माझ्याकडे, नेशील तर ने. पण तुझ्या सासूला आधी सांग, माझी 'श्यामची आई' दिवाळीपासून तिच्या उशाशी आहे. ती आली की ही मिळेल."