तिसऱ्या मजल्यावरचा भविष्यकाळ

आमच्या इमारतीत भविष्यकाळ तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे वर्तमानकाळात. तळमजल्यावरचे आजोबा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात स्कोअरकार्ड वाचतात आणि तेवढ्यावर तृप्त असतात. त्यांना भूतकाळ म्हणायला हरकत नाही. एरवी या तिन्ही काळांचा एकमेकांशी संबंध येतो तो पाण्याची टाकी आणि पार्किंग यांपुरताच. पण डिसेंबर यावा, आपला संघ ऑस्ट्रेलियात असावा, मी पहाटेच्या गारठ्यात शाल पांघरून मोबाइल चहाच्या कपाला टेकवून बसावं, आणि गोलंदाज अजून मागे चालत निघालेला असताना डोक्यावरच्या छतातून आरोळी यावी, हे आता नित्याचं झालं आहे. आरोळीचेही सूर आहेत. आखूड आणि वर चढणारी असेल तर विकेट त्यांची. लांबत जाऊन शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज आला तर आपली. मग पुढचं अर्धं-पाऊण मिनिट मी त्या गोलंदाजाकडे बघत राहतो. बिचारा जीव तोडून पळत असतो. त्याला अजून माहीत नसतं. मला माहीत असतं.

असं का होतं ते भाच्याने एकदा समजावून सांगितलं. वरच्यांकडे गच्चीवरची डिश आहे. तिचं चित्र छत्तीस हजार किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जाऊन खाली येतं, तरी वाटेत फारसं रेंगाळत नाही. मोबाइलवरच्या चित्राचे मात्र आधी काही काही सेकंदांचे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्याच्या चांगल्या-वाईट दर्जाच्या अनेक प्रती काढतात, आणि आपला मोबाइल त्यातले दोन-चार तुकडे हाताशी जमल्याशिवाय पहिला दाखवतच नाही. पुरेशा पोळ्या लाटून झाल्याखेरीज पंगत बसवायची नाही, असा बाणा असलेल्या सुगरणीसारखा. मध्ये चित्र अडकू नये म्हणून हा सगळा उशीर. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझी अडचण वेगळी आहे, आणि ती तांत्रिक नाही. जो चेंडू टाकून झाला आहे, ज्याचा निकाल लागला आहे, आणि जो फक्त माझ्यापर्यंत पोहोचायचा राहिला आहे, त्याच्यासाठी देवाला हाक मारावी का?

२०२४च्या डिसेंबरात या प्रश्नाने मला फार छळलं. मेलबर्नची कसोटी, तिसरा दिवस. नितीशकुमार रेड्डी ९९ वर, पलीकडच्या टोकाला. बुमरा बाद होऊन परतलेला, शेवटचा गडी सिराज समोर, आणि कमिन्सच्या षटकातले तीन चेंडू शिल्लक. प्रेक्षकांत त्या पोराचे वडील हात जोडून उभे. मुलाच्या क्रिकेटसाठी नोकरी सोडलेला माणूस. मीही हात जोडले. सिराजने ते तीन चेंडू खेळून काढले, आणि मग लक्षात आलं की वरचा मजला आधीच नाचतो आहे. म्हणजे रेड्डीने बोलंडला चौकार मारला होता, वडिलांचे डोळेही भरून आले होते. माझ्या पडद्यावर मात्र बोलंड नुकता मागे चालत निघाला होता. जोडलेले हात सोडावेत, तर रेड्डीचं शतक हुकलंच तर ते आपल्यामुळे, अशी एक वेडी धास्ती. तसेच ठेवावेत, तर हे मागणं की नुसता व्यायाम, असा संशय. मी हात जोडलेलेच ठेवले. आईला विचारलं तेव्हा तिने ताकातल्या मिठाचा अंदाज घेत सांगितलं, "अरे, देव काय मोबाइलवर बघतोय होय?" याचा अर्थ देवाला आधीच कळलेलं असतं असा, की देवाला उशीर लागतच नाही असा, की देव मुळात क्रिकेट बघत नाही असा, ते तिने उलगडून सांगितलं नाही.

उशिराची ही भक्ती नवी नाही. १९३८ साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत होता, तेव्हा सिडनीच्या स्टुडिओत बसून काही मंडळी तारांवरून धावतं वर्णन करत. इंग्लंडहून षटकाषटकाची तार यायची, तिच्यातल्या त्रोटक शब्दांना हे लोक मैदान, ऊन आणि क्षेत्ररक्षक चिकटवायचे, आणि बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज म्हणून पेन्सिलीने लाकडावर टकटक करायचे. टाळ्यांची रेकॉर्ड तयार असे. भर हिवाळ्यातल्या रात्री अख्खा ऑस्ट्रेलिया त्या पेन्सिलीकडे कान लावून बसलेला. आणि त्यातल्या कितीजणांनी त्या पेन्सिलीसाठी देवाला साकडं घातलं असेल कोण जाणे. मला ती माणसं सख्खी वाटतात.

माझी स्वतःची सुरुवातही अशीच आवाजावर झाली, मिरजेत. आमच्या शेजारी मिशनच्या शाळेतले एक मास्तर राहायचे. नाताळच्या आधी ते बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांची मोठी चांदणी करून ओसरीवर टांगत, आत बल्ब लावत, आणि ती जानेवारीपर्यंत तशीच राही. १९७७च्या डिसेंबरअखेर मेलबर्नला कसोटी सुरू झाली तेव्हा मी आणि गल्लीतली इतर पोरं पहाटे त्या चांदणीखालून मास्तरांच्या घरात शिरायचो. त्यांचा ट्रान्झिस्टर चामडी कव्हरात असे. आदल्या दुपारी त्याचे सेल उन्हात ठेवलेले असत, आणि मास्तर काट्याला बोट लावून, श्वास धरून शॉर्टवेव्हवर ऑस्ट्रेलिया शोधत. सापडली तरी ती हातात राहत नसे. आवाज लाटेवर चढायचा, स्पष्ट व्हायचा, आणि चंद्रशेखरने चेंडू टाकला एवढं कळेपर्यंत पुन्हा खोल बुडायचा. मग नुसती समुद्राची गाज आणि तिच्याखाली हजारो लोकांचा आरडाओरडा. कोणीतरी आउट झालेलं असायचं. कोण, ते लाट परत येईपर्यंत कळायचं नाही. आम्ही चुळबुळ करायला लागलो की मास्तर बोट वर करून म्हणायचे, "थांबा. ऑस्ट्रेलिया श्वास घेतेय." मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं पहिलं ध्यान ते.

त्या खोलीचे नियम कडक होते. चंद्राला विकेट मिळाली त्या क्षणी जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं. त्यामुळे एक मुलगा बराच वेळ दाराच्या उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर असा उभा होता. मास्तर प्रभूची प्रार्थना करायचे, मी आजीने सांगितलेलं दत्ताचं नाव घ्यायचो, आणि दर्ग्यामागून येणारा आमचा एक दोस्त मीरासाहेबांना नवस बोलायचा; कामाची वाटणी चोख होती. लहानपणी पोलिओने उजवा हात वाळलेला, त्याच हाताने चंद्रा लेगस्पिन टाकायचा, आणि फेकीसाठी डावा हात वापरायचा. त्याने पहिल्या डावात ५२ धावांत सहा गडी घेतले, आणि दुसऱ्या डावात पुन्हा नेमक्या ५२ धावांत सहा. ऑस्ट्रेलियात आपण जिंकलेली ती पहिली कसोटी, २२२ धावांनी. मास्तरांनी त्या आकड्यांवर कधी भाषण दिलं नाही. हल्ली कोणी चांगलं खेळलं की दुपारपर्यंत मोबाइलवर उगवत्या सूर्याच्या चित्रासह त्यातून घ्यायचे पाच धडे येतात. मास्तरांनी आम्हाला फक्त चहा दिला, दूध जास्त घातलेला.

त्यांच्या अभिमानाचं ठिकाण दुसरंच होतं. "आमचा हजारे," ते म्हणायचे. विजय सॅम्युएल हजारे सांगलीचा, मराठी ख्रिस्ती घरातला, आणि १९४७-४८ साली स्वतंत्र भारताच्या पहिल्याच दौऱ्यावर ऑस्ट्रेलियात गेलेला. अ‍ॅडलेडला त्याने दोन्ही डावांत शतकं ठोकली. ती जानेवारीत, पण मास्तरांना कौतुक त्याच्या आधीच्या डिसेंबरचं. सांगलीच्या माणसाने भर उन्हाळ्यातला नाताळ तिकडे कसा केला असेल, तिथे करंज्या कुठून मिळाल्या असतील, याचा विचार करताना ते हळवे व्हायचे. तो डिसेंबर खरोखरच भरगच्च होता. १३ तारखेला सिडनीला विनू मांकडने गोलंदाजीच्या टोकाला पुढे सरकलेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं, आणि क्रिकेटला एक न संपणारं भांडण देऊन टाकलं. तीनच दिवसांनी, १६ तारखेला, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचा पातळ पत्रा चिरून टेकवला, आणि आवाज मोठा करणारी एक चिमुकली वस्तू जन्माला आली. तिच्यामुळेच पुढे तीस वर्षांनी मिरजेतल्या एका खोलीत ऑस्ट्रेलिया श्वास घेऊ शकली. मांकडचं भांडण आणि बार्डीनचा ट्रान्झिस्टर एकाच आठवड्यातले, हे मास्तरांना कुठून माहीत असणार; मला कळलं तेव्हा सांगायला ते उरले नव्हते.

आणि मग तो गुरुवार. २६ डिसेंबर २०२४. पंचांगाने त्या दिवशी जरा जास्तच भरती केली होती. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार म्हणून महालक्ष्मीचं उद्यापन. त्यात सफला एकादशी. आणि पहाटे पाचला मेलबर्नची बॉक्सिंग डे कसोटी. फ्रिजमध्ये देवीच्या नैवेद्याचं पुरण, माणसांसाठी भिजवलेला साबुदाणा, आणि आदल्या दिवशी शेजारून आलेला नाताळचा केक अशी सर्वधर्मपरिषद भरली होती. केक द्वादशीवर ढकलण्यात आला. कलशाला साडी नेसवून, मुखवटा लावून, पाच प्रकारची पानं रचून झाल्यावर पोथीची वेळ आली. आईला आता बारीक टाइप दिसत नाही, म्हणून पोथी मोबाइलवर लावतात. राणीने म्हातारीच्या वेशात आलेल्या लक्ष्मीला दारातून घालवून दिलं, आणि त्याच क्षणी एका बाईने अतिशय गोड आवाजात पाच मिनिटांत, कागदपत्रांशिवाय कर्ज देऊ केलं. राणीला त्याची गरज थोड्या वेळाने पडणारच होती. जाहिरात लावणाऱ्याने पोथी नीट वाचलेली दिसत होती. आईने जाहिरातभर हात जोडलेले ठेवले. "ही कोण?" एवढंच तिने नंतर विचारलं.

यंत्रांविषयी आईचं मत मला त्या कसोटीच्या शेवटच्या दिवशी कळलं. सोमवती अमावस्या होती, मार्गशीर्ष त्याच दिवशी संपत होता. जयस्वाल ८४ वर असताना कमिन्सचा आखूड चेंडू त्याच्या हातमोज्याजवळून गेला. चेंडूचा निसटता स्पर्श आवाजावरून पकडणारं ते स्निकोमीटर. त्याची रेघ हलली नाही, सरळ पडून राहिली. तिसऱ्या पंचाने तरी चेंडू वळलेला डोळ्यांनी पाहिला आणि बाद दिलं. वरच्या मजल्यावर भूकंप झाला, म्हणजे मला नेहमीप्रमाणे आधी भूकंप आणि मग कारण. मी यंत्राच्या बाजूने बोलायला लागलो, तेव्हा आईने कानातलं मशीन काढून, पुसून परत बसवलं. "यालाही कधी कधी ऐकू येत नाही," ती म्हणाली. "तू काय बोलतोस ते मला कळतंच की." त्यानंतर काही वेळातच उरलेले गडी बाद झाले आणि आपण १८४ धावांनी हरलो, तेव्हा वादाला फारसा अर्थ राहिला नाही.

पण हे सोमवारचं. गुरुवारी संध्याकाळी अजून कोणीच हरलेलं नव्हतं. पहिल्या दिवसअखेर त्यांच्या सहा बाद ३११ झाल्या होत्या, आणि त्यातही सॅम कॉन्स्टास नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने पहिल्याच कसोटीत बुमराला यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून पालथ्या बॅटने भिरकावून ६० धावा केल्या होत्या. मध्ये कोहलीने त्याला खांद्याने धक्का दिला, तो प्रसंग दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि आईने तो प्रत्येक वेळी पाहिला होता. आरतीला माझी पुतणी न्यू जर्सीहून मोबाइलवर सामील झाली. ती एडिसनला राहते. ट्रान्झिस्टर जन्मला ते मरे हिल तिथून मोटारीने फार लांब नाही, पण त्या उपकाराची जाणीव आमच्या आरतीत कुठे दिसली नाही. आम्ही एका कडव्यावर, ती मागच्याच. तिची टाळी आमच्या दोन टाळ्यांच्या मध्ये. तिची घंटा आमच्या शांततेत. शेवटी तिने तिचा आवाज बंद केला आणि आम्ही आमच्या वेगाने, ती तिच्या वेगाने, अशा दोन आरत्या झाल्या. आईने निरांजनावर हात फिरवून मोबाइलसमोर धरले आणि तिथून नातीच्या तोंडावरून फिरवल्यासारखे केले.

"तुझ्याकडे किती वाजले गं?" तिने विचारलं.

"सकाळचे नऊ, आजी. आता ऑफिसला बसायचं."

"म्हणजे तुझा गुरुवार अजून अख्खा आहे," आई म्हणाली. आमचा संपत आल्याची तिला त्यात थोडी असूया वाटली असावी. मग ती मोबाइलच्या आणखी जवळ सरकली. सांगायचं ते मला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, म्हणजे कानाचं मशीन लावलेल्या माणसाच्या हळू आवाजात, तळमजल्यापर्यंत जाईल असं बोलली. "हे बघ, मी आपल्या मुलांचं सगळं मागून ठेवलंय. पण त्या लहान पोराचं राहिलं. त्यालाही कुठे लागू-बिगू नये म्हणावं. आता माझी पूजा आटोपली, परत कुठे मांडू? तू संध्याकाळी दिवा लावशील ना, तेव्हा माग."