आषाढातला पंचनामा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे बजावून ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी दुसऱ्याने बांधलेले घर विकत घेणाऱ्या मनुष्याविषयी मात्र एक अक्षरही उच्चारलेले नाही. तो बहुधा त्यांना उपदेशाच्या पलीकडे गेलेला वाटला असावा. सेवानिवृत्तीच्या वर्षी मी त्या वर्गात दाखल झालो. जन्म येवल्याचा, हयात अवर्षणाच्या मुलखात मास्तरकी करण्यात गेलेली. अशा मनुष्याने सापुताऱ्याला जाताना ऐन चैत्रात सुरगाण्यास मुक्काम करावा, मोहाच्या फुलांचा वास पहाटे नाकात शिरावा, आणि बाजारपेठेतले एक जुने कौलारू घर विकाऊ आहे असे चहावाल्याने त्याच क्षणी सांगावे, यापरते दैवाचे कारस्थान ते कोणते!

न्यू जर्सीच्या भाच्याला ही वार्ता कळवताच त्याने उलट विचारले, “मामा, तपासनीस कोण नेमलात?” त्याने स्वतः घर घेतले तेव्हा एका परवानाधारक तपासनिसाने तीन तास घर पालथे घालून छायाचित्रांसह जाडजूड अहवाल दिला होता. त्यावरून बेतलेली प्रश्नावलीही त्याने धाडली. तीत तळघरात जमिनीतून रेडॉन वायू येतो काय आणि छप्पर बर्फाचा भार सोसेल काय, हे प्रश्न अग्रस्थानी होते. दुसरा प्रश्न मी गवंड्याला वाचून दाखवला, तेव्हा त्याने आकाशाकडे व मग माझ्याकडे पाहिले आणि थैलीतली तंबाखू काढून दोघांच्याही प्रकृतीचा विचार केल्यासारखे केले.

आपल्याकडे तपासणी होत नाही असे नव्हे. ती कागदांची होते. सुरगाणे हे १९४८ साली विलीन होईपर्यंत एक छोटे संस्थान होते आणि आज अनुसूचित क्षेत्रातला तालुका आहे. आदिवासी खातेदाराची जमीन सरकारी मंजुरीवाचून बिगर-आदिवासीस घेता येत नाही, म्हणून इथे १९६६ च्या महसूल अधिनियमातली ३६ व ३६ अ ही कलमे तलाठ्यापासून चहावाल्यापर्यंत सर्वांना मुखोद्गत आहेत. कायदा रास्तच आहे. मालक पिढीजात व्यापारी निघाले, वकिलांनी ३० वर्षांचे दप्तर धुंडाळले, बोजा नाही, वहिवाट निर्वेध, चतुःसीमा चोख. एवंच, घर कोणाचे याविषयी कणभर संशय उरला नाही. ते उभे कशावर आहे, एवढेच अद्याप कोणी विचारले नव्हते.

त्याकरिता मी एक समिती नेमली. बांधकाम खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले माझे साडू, एक वास्तुशास्त्री, वरील गवंडी आणि एक सुतार. वास्तुशास्त्र्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेवर ठपका ठेवला व चहा मात्र तेथलाच घेतला. साडूंनी लोणा लागलेली मागची भिंत टिचकी मारून पाहिली आणि पोपडा पायावर पडताच ‘किरकोळ’ असा शेरा दिला. सुताराने प्रत्येक खांब वैद्याने छाती ठोकावी तसा ठोकून, कान लावून, साग अस्सल आहे, वाळवीचेच दात पडतील, असा निर्वाळा दिला. राहता राहिले ते वरचे वासे. पण शिडी नव्हती. आणि ती शेजारून आणण्याची गोष्ट निघताच साडूंचा गुडघा, शास्त्रीबुवांचे धोतर, सुताराची दुपारची वेळ आणि माझे वय यांचा एकदमच उल्लेख झाला. वासेही सागाचेच असणार, असा ठराव खालूनच एकमताने संमत झाला.

मी येवल्याचा असल्यामुळे माझ्या मनात एकच शंका होती. “घरात पाण्याचे कसे?” मी मालकांस विचारले.

“गुरुजी, पाण्याला तोटा नाही,” ते म्हणाले.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, घेणाऱ्यास साधारण सावधगिरीने उमगणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने उघड करावयाचा असतो. मालकांनी तो उघड केला होता, असेच मी आज प्रामाणिकपणे म्हणेन. मी विहिरीचे विचारत होतो, ते आढ्याचे सांगत होते.

सुदैवाने ओट्यावर तांदूळ निवडीत बसलेल्या त्यांच्या मातोश्रींनी मान वर न करता विचारले, “घर आखाडात पाहिलंत का?” समितीतल्या कोणाच्याही मुखातून न आलेला असा हा एकमेव प्रश्न होता. जिल्ह्याच्या पूर्वेस येवला-नांदगावकडे ढगांची आळवणी चाललेली असते, तेव्हा पश्चिमेच्या या घाटमाथ्यावर पाऊस दिवसचे दिवस मुक्कामास असतो, आणि तरीही उन्हाळ्यात इथल्या वाड्यापाड्यांवरच्या बायाबापड्या हंडे घेऊन झरे धुंडाळतात. चैत्रात घर पाहणाऱ्याला यातले काय दिसणार? आपल्याकडे पंचनामा घटनेनंतर होतो, हे मला ठाऊक होते. तो घटना चालू असतानाच करावा, ही बुद्धी त्या माउलीने दिली. साठेखत केले, खरेदीखत दसऱ्यावर टाकले.

आषाढात मी गेलो. माजघरात मालकांनी पितळेची घंगाळी, परात, दोन तपेली आणि नातवाचा पाळणा अशा क्रमाने मांडणी केली होती व प्रत्येकाचा स्वर निराळा लागत होता. मी छत्री मिटून आत शिरलो आणि पुन्हा उघडली. क्षणभर संकोचून मालकांनीही आपली उघडली. तशा स्थितीत, देवघराजवळच्या त्यातल्या त्यात कोरड्या कोपऱ्यात उभे राहून, आम्ही किंमत नव्याने ठरवली.

घर मी घेतले. कौले माझ्या खर्चाने बदलली, कुजलेले नऊ वासे त्यांच्या; आणि त्याकरिता शिडी शेजारूनच आणली.