छत्तीस गुणी खळ

आजीच्या कढीला दाटपणा यायचा तो चमचाभर बेसनाने. त्या बेसनाला नंबर नव्हता. सॉसच्या बाटलीवर मात्र मुंगीएवढ्या अक्षरात १४२२ असं छापलेलं असतं. या आकड्यामागच्या गृहस्थांचं पूर्ण नाव ॲसिटिलेटेड डायस्टार्च ॲडिपेट. मूळ घराणं साधंच, बहुधा मक्याच्या किंवा टॅपिओकाच्या खळीचं, म्हणजे स्टार्चचं. पण टोमॅटोच्या आंबटपणात आणि कारखान्याच्या उकळीत साधी खळ तग धरत नाही, पाणी सोडते. म्हणून तिच्या रेणूंची एकमेकांशी गाठ मारून देतात. गाठ मारणारं रसायन ॲडिपिक आम्लाच्या कुळातलं. त्याच कुळातून नायलॉनही येतं. घाबरू नका, इथे प्रमाण चिमूटभर आणि नियमात बसणारं.

खरा दाटपणा कागदपत्रांत. या खळीची गोणी २५ किलोची; तिच्यासोबत तपासणी अहवाल, ॲलर्जनचं निवेदन, जनुकबदल नसल्याचं हमीपत्र, हलाल-कोशर प्रमाणपत्रं आणि एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना. लग्न जमवताना ३६ गुण बघतात, त्यातले १८ जुळले तरी भटजी हो म्हणतात. इथे सगळेच जुळावे लागतात. १४२२ चा चुलतभाऊ १४४२. कामं जवळपास तीच, पण एकाच्या जागी दुसऱ्याचा आकडा छापला गेला की सगळी लेबलं रद्दीत.

आज आजी असती, तर कढीचा पहिला घोट घेण्याआधी कुणीतरी विचारलं असतं, "बेसनाचा बॅच नंबर काय?" आजीने डाव दाखवला असता.