केराचा आठवडा

परदेशात जाऊन माणसं कशी जोडावीत याचे सल्ले निघताना फुकट मिळतात. भाषा शीक, हसतमुख राहा, जाशील तिथे लाडू घेऊन जा. मामीने तर जर्मन लोकांना वाटायला म्हणून कोल्हापुरी चपलांच्या आकाराच्या पिशवीभर कीचेन दिल्या होत्या. चांगला झाडू विकत घे, असं मात्र कुणी सांगितलं नाही. श्टुटगार्टला राहायला जाणाऱ्या माणसाला द्यावा असा खरं तर तो एकच सल्ला आहे.

आल्यावर थोड्याच दिवसांत एका संध्याकाळी आमच्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. सुतळीत ओवलेली, कडा झिजलेली, मध्ये केरसुणीचं चित्र. नवरा हरखला. म्हणाला, बघ, शेजाऱ्यांनी स्वागत केलं. आम्ही पाटीसोबत फोटो काढून कराडला पाठवलाही. ते स्वागत नव्हतं, नंबर लागला होता. श्टुटगार्ट आणि भोवतालचा मुलूख म्हणजे श्वाबेन. आणि श्वाबेनमध्ये इमारतीचा जिना भाडेकरूंनी आळीपाळीने झाडायचा नि पुसायचा असतो. त्याला ‘केरवोखं’ म्हणतात. नावातच केर आहे म्हटल्यावर मराठी माणसाला आणखी काय समजावायचं? आपला आठवडा सरला की पाटी पुढच्या दाराला. छोटी पाळी असेल तर आपल्या मजल्यापुरता जिना, मोठी असेल तर तळघर, दारापुढची फरसबंदी आणि हिवाळ्यात बर्फ. तोही सकाळी सातच्या आत, कारण कुणी घसरून आपटलं तर ते आपल्या गळ्यात.

हे खूळ आजकालचं नाही. १४९२ साली कोलंबस तिकडे अमेरिकेच्या किनाऱ्याला लागत होता, तेव्हा इथल्या नगरनियमांत ज्याने त्याने आपली घाण दर आठवड्याला उचलावी असं लिहिलं जात होतं. १७१४ मध्ये इथल्या ड्यूकने गल्ल्या झाडण्याचा वेगळा हुकूम काढला. १९८८ मध्ये महापालिकेने सक्ती सैल केली, पण तोवर ती भाडेकरारात आणि रक्तात उतरली होती.

आमच्या इमारतीतले या धर्माचे शंकराचार्य दुसऱ्या मजल्यावर राहतात. ते आजोबा ग्रीक आहेत. १९६० साली जर्मनीने ग्रीसशी कामगार आणण्याचा करार केला, त्यानंतर तिथून जी तरुण पोरं आली त्यांतले ते एक. आयुष्य गाड्यांच्या कारखान्यात गेलं, आता जिन्यावर चाललंय. पायरी काय, कुणीही पुसेल. कोपरा पुसतो तो माणूस, असा त्यांचा सिद्धांत. माझी पहिली पाळी झाली त्या संध्याकाळी ते कठड्याला धरत खाली आले, प्रत्येक वळणावर थांबले, एका सळईच्या बुडाशी बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि “हं” म्हणाले. मी हिरमुसले. तळमजल्यावरच्या बाईंनी माझी समजूत काढली. (यांचं आडनाव इतकं लांब की आम्ही घरात त्यांना फ्राऊ तळमजलाच म्हणतो.) त्या म्हणाल्या, श्वाबेनमध्ये कुणी रागावलं नाही म्हणजेच कौतुक झालं असं धरायचं, आणि ‘हं’ मिळाला असेल तर फारच झालं. माझं सासर पुण्यात असल्यामुळे मला हे पटकन पचलं.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर ती म्हणाली, “इथे कधी परसात झाडू धरला नाहीस, आणि तिकडे इतकी शिकूनसवरून लोकांचे जिने पुसतेस?” मग जरा थांबून, “फिनाईल टाकतात का गं?”

पण खरं सांगायचं तर या इमारतीत मला जी माणसं भेटली ती सगळी जिन्यावर भेटली. एरवी लोक चढतात, उतरतात, किल्ली फिरवतात आणि दाराआड जातात. हातात फडकं असलेला माणूस तेवढा एका जागी उभा असतो, आणि ओली पायरी ओलांडणाऱ्याला काहीतरी बोलावंच लागतं. नुसतं ‘ग्र्यूस गॉट’ म्हणून पुढे जाणं बरं दिसत नाही. मग हवामान निघतं, हवामानावरून गुडघे निघतात.

कराडची रीत वेगळी. कराड–सातारा एसटीत बसलं की उंब्रज येईपर्यंत शेजारच्या बाईंना माझं आडनाव आणि माहेर कळलेलं असतं, नागठाण्यापर्यंत नवऱ्याचा पगार, आणि साताऱ्याच्या स्टँडवर उतरताना माझ्या चुलतसासूच्या भाचीचं स्थळ त्यांच्या दिरासाठी जवळजवळ पक्कं. इथल्या लोकलमध्ये मी हा प्रयोग केला. समोरच्या बाईंना प्रेमाने विचारलं, कुठल्या तुम्ही? त्यांनी पुढच्या स्टेशनचं नाव सांगितलं आणि तिथे उतरून गेल्या.

वय, पगार, मूल का नाही अजून, असली चौकशी इथे चालत नाही. विम्याची मात्र खुशाल करा. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर आपल्या हातून त्यांची फुलदाणी फुटली तर भरून देणारा विमा इथे बहुतेकांकडे असतो. मैत्रीचा पत्ता नाही, फुलदाणीची सोय आधी. आणि “कसं काय?” हा प्रश्न जपून टाकावा. आपण “बरंय” ऐकायच्या तयारीत असतो. समोरचा खरंच सांगायला लागतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मी लिफ्टमध्ये सहज विचारलं, तर त्याचं पित्ताशय चौथ्या मजल्यावर सुरू झालं आणि लिफ्ट पोचली तरी संपेना.

घरी बोलावणं हा तर सोहळाच. फ्राऊ तळमजलांनी आम्हाला कॉफीला बोलावलं ते मार्चमध्ये. तारीख दिली मेमधल्या एका रविवारची, दुपारी तीन ते पाच. आमच्याकडे लग्नाचा हॉलसुद्धा इतका आधी धरत नाहीत. न सांगता टपकणं, “इकडनं चाललो होतो म्हटलं डोकावून जावं” म्हणणं, ही कराडात माया. इथे पोलिसांना फोन करावा की काय असा विचार दारामागे चालू झालेला ऐकू येतो. रविवारची शांतता तर त्यांच्या राज्यघटनेत आहे. १९१९ च्या घटनेतलं कलम आजच्या घटनेत जसंच्या तसं उचलून ठेवलंय. दुकानं बंद, आणि काचेच्या बाटल्याही त्या दिवशी पेटीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळ वाजतं. माझी शेंगदाण्याची चटणी त्यामुळे शनिवारीच कुटून होते.

मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. बहिणी खऱ्या, पण दोघींची वेळापत्रकं पाहता सावत्र असाव्यात.

मग मराठी मंडळी नाहीत का? आहेत की, भरपूर. गणपतीला तीन भाषांत भांडून एक आरती होते. पोहे, कढीपत्ता कुठे मिळतो, कुणाचे आईवडील येताना सामानात जागा आहे, या विषयांवर तासाभरात जिवाभावाची मैत्री होते आणि नोकरी बदलून माणूस म्युनिकला गेला की तीही खोक्यांत भरून जाते. मला त्या मैत्रीची गरज लागते, नाही असं नाही. पण तिच्यासाठी साता समुद्रापार यायला हवं होतं का, असं कोथरूडमधल्या पार्किंगचा विषय निघाला की हमखास वाटतं.

खरं दार उघडलं ते पुन्हा केरसुणीनेच. आपण लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहतो आणि एरवी दाराआड उभी करतो. इथले द्राक्षवाले शेतकरी ती घराबाहेर टांगतात. अर्थ असा, की घरची वाइन तयार आहे, आत या. बैठकीच्या खोलीत नाहीतर गोठा झाडून घेऊन बाकं टाकलेली असतात. वर्षात चार महिन्यांच्या वर हे चालवायचं नाही आणि चाळिसाच्या वर माणसं बसवायची नाहीत, असा कायदा. त्यामुळे जागा कायम अपुरी, आणि परक्या माणसाला खेटून बसण्यावाचून गत्यंतर नसतं. श्वाब माणूस उघडायला याहून चांगली व्यवस्था मला ठाऊक नाही. पाव लिटरचा, कान असलेला काचेचा पेला मिळतो. पहिल्या पेल्याला शेजारच्या गृहस्थांनी मान हलवली. दुसऱ्याला द्राक्षांवरचा रोग सांगितला. अर्ध्याहून अधिक मला कळलं नाही, कारण पुण्यात मॅक्सम्युलर भवनात शिकवतात ती जर्मन इथे कुणी बोलत नाही. या राज्याने १९९९ पासून २०२१ पर्यंत स्वतःची जाहिरातच मुळी अशी केली की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही. तिसऱ्या पेल्याला गृहस्थांनी मेहुण्याशी चाललेला बांधाचा वाद काढला.

बांध म्हटल्यावर मी सरसावून बसले. हा माझा प्रांत. आमच्या उसाच्या रानाचा बांध चुलत्यांनी कसा दरवर्षी नांगरताना वीतवीतभर कोरला, मोजणीवाला कसा आला, त्या दिवशी खुणेचा दगडच कसा गायब होता, हे मी तुटक्या जर्मनमध्ये हातवारे करून सांगितलं. गृहस्थांनी टेबलावर काड्या मांडून आपल्या सफरचंदांच्या रानाचा नकाशा काढला आणि एक काडी हळूच सरकवली. “हा मेहुणा,” म्हणाले. त्यांच्या बायकोने ती काडी उचलली नि परत जागेवर ठेवली. तो तिचा भाऊ होता. नवऱ्याला भाषेचा शब्द कळत नव्हता, पण तो म्हणाला, हे आपल्याच तालुक्यातले दिसतात.

त्या गृहस्थांनी मला आपल्या फळबाग संस्थेत ओढलं. जर्मनीत अशा नोंदणी केलेल्या संस्था सहा लाखांच्या वर आहेत. गाण्याच्या, सशांच्या, नेमबाजीच्या, काही विचारू नका. सात सभासद जमले की नोंदणी करता येते. (आपल्याकडे सात जमले की दोन मंडळं होतात.) मला वाटलं होतं, संस्थेत गेलं की ओळखी होतील, मग हळूहळू कामं अंगावर पडतील. झालं उलटं. पहिल्या दिवशी हातात करवत आली आणि ओळख करून द्यायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. फेब्रुवारीच्या थंडीत शिडीवर चढून सफरचंदाच्या फांद्या छाटायच्या, शरद ऋतूत फळं वेचायची, रस काढायच्या यंत्रावर पोती ओतायची. आपण ज्याला श्रमदान म्हणून फोटो काढतो ते इथे तासांच्या हिशोबाने वहीत लिहितात. पण शिडी धरणाऱ्याशी अहोजाहो करत नाहीत. इमारतीत इतका काळ जिने पुसून मी अजून ‘फ्राऊ’ आणि ‘तुम्ही’च होते, संस्थेत शिडीवरून उतरेपर्यंत सत्तरीतल्या बाई मला एकेरीत हाक मारत होत्या आणि मीही त्यांना अगं म्हणावं अशी त्यांची अपेक्षा होती. कराडच्या पोरीला ते जड गेलं. मी बराच काळ क्रियापदं गिळून बोलत असे.

संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात बटाट्याचं सॅलड कुणी करायचं यावर सभा झाली. इथे त्यात मेयोनीज घालणं म्हणजे धर्म बुडवणं. गरम सूप ओतून ते ओलसर करायचं असतं. ते सूप मटणाचं की भाज्यांचं यावर तासभर गेला. मी म्हटलं, मी डाळ करते. श्वाब लोक अख्खा मसूर शिजवून त्यात व्हिनेगर घालतात आणि शेवयांच्या जाड भावंडांबरोबर खातात, तेव्हा डाळ त्यांना नवी नव्हती. मी इस्लामपूरकडच्या ढाब्यावरचा अख्खा मसूर केला, कांदालसूण मसाला निम्मा टाकून. पातेल्यापुढे रांग लागली. लाल झालेल्या नाकाने एक आजोबा तिसऱ्यांदा आले. कुणी काही बोललं नाही. तारीफ झाली होती.

मेळाव्यानंतरच्या सर्वसाधारण सभेत मी भांडी घासायला आत गेले आणि हात पुसत बाहेर आले तोवर खजिनदार झाले होते. गैरहजर माणसाला पद देण्याची पद्धत कुठल्याच देशाला नवी नाही.

खजिनदार झाल्यापासून मात्र चमत्कार घडला. एका रविवारी संध्याकाळी, कसलीही वेळ ठरलेली नसताना, आमच्या दाराची घंटा वाजली. नवरा दचकला. दारात त्या सत्तरीतल्या बाई, पावसात भिजलेल्या. “इकडून चालले होते,” म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. आत घेतलं, आलं घालून चहा टाकला, चकली दिली. दोन कप चहा झाला, मेहुण्याच्या बांधाचं पुढे काय झालं ते झालं, मग त्यांनी पर्समधून चार युरो ऐंशी सेंटची व्हिनेगरची पावती काढली. हिशोब बंद व्हायच्या आत पैसे मिळाले तर बरं, म्हणाल्या.

मी पावती दिव्याखाली धरली. तारखेचा कोपरा फाटलेला होता. म्हटलं, अगं, ही नाही चालायची.

“हं,” म्हणाल्या, आणि तिसरा कप पुढे केला.