धूर कधी येतो, ते आधी सांग

“काय गं, गाडी विकताय म्हणे?”

ह्यांनी आदल्या संध्याकाळी बाजार समितीच्या गेटवर चहा पिता पिता एका दलालाला नुसतं विचारून पाहिलं होतं. सकाळी मी तुळशीला पाणी घालेपर्यंत बातमी कुंपणापलीकडे पोचलेली. लासलगावात कांद्याचा भाव मुंबईच्या आधी गल्लीला कळतो, तिथं आमच्या स्कॉर्पिओची काय कथा!

“विकत नाही हो काकू. पण इंजिन खोलावं लागेल म्हणतात. निळा धूर मारतेय ना.”

“ते मला नको सांगूस. परवा दोरीवरच्या चादरी पुन्हा धुतल्यात मी. इंजिन खोला असं म्हणालं कोण?”

“गॅरेजवाला.”

“बॉनेट उघडलं होतं त्यानं?”

“नाही. धूर बघितला आणि म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्या.”

काकूंनी हातातली मेथीची जुडी कुंपणाच्या खांबावर ठेवली. मेथी खाली ठेवली म्हणजे बैठक लांबणार, हे मला इतक्या वर्षांत कळलंय.

काकूंचं सांगायचं तर, काकांचं विंचूर रोडला गॅरेज होतं. काका गाडीखाली, काकू गल्ल्यावर. पान्याला हात लावला नसेल त्यांनी फारसा, पण गिऱ्हाईक काय रडत आलं, काकांनी काय उघडलं, आत काय निघालं आणि बिल किती झालं, हे सगळं त्यांच्या कानांवरून गेलेलं. काका गेले, गॅरेज गेलं. कान शाबूत आहेत. आणि नाक तर काय विचारता.

आमची गाडी 2006 सालची. स्कॉर्पिओ 2002 मध्ये बाजारात आली ती आपल्या नाशिकच्याच कारखान्यातून, म्हणून सासऱ्यांनी हट्टानं तीच घेतली होती. 2.6 लिटरचं टर्बो डिझेल इंजिन. 15 वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून, पर्यावरण कर भरून तिला ठेवलेली. धूर सुरू झाल्यापासून घरात जो तो डॉक्टर. दीर म्हणाले डिझेलमध्ये भेसळ. सासूबाईंनी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. चुलत सासरे म्हणाले, म्हातारं इंजिन तेल खाणारच, ओतत राहायचं. ह्यांनी तेवढाच सल्ला मनावर घेतला.

“काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी,” काकू म्हणाल्या. “पांढरा आला तर डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर पाणी आत शिरतंय. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इथवर तुझा गॅरेजवाला बरोबर. पण ऑइल जळतंय म्हटलं की झालं का? ते आत शिरलं कुठून? वाटा चार आहेत आणि रिंगांची वाट सगळ्यांत महागाची. धूर कधी येतो, ते आधी सांग.”

“कधी म्हणजे? येतो सारखा.”

“सारखा नाही येत. मी बघते ना इथून.”

बघतातच. आमच्या अंगणात पाहुणे कधी आले, किती वेळ बसले, चहा झाला की जेवण, सगळं बघतात. ह्या वेळी ते कामाला आलं. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: सकाळी पहिल्या स्टार्टला एक निळा लोट येतो आणि गाडी गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत संपतो. रात्रभर गाडी उभी असली की वरच्या हेडमधून वॉल्व्ह सीलच्या फटीतून थेंब थेंब ऑइल खाली उतरतं, ते सकाळी जळतं. ते इतकं मनावर घ्यायचं नाही. थंडीत डिझेलच नीट पेटलं नाही तरी असाच निळसर-पांढरा धूर दिसतो. तो डोळ्यांना झोंबतो आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास येतो. मग सील सोडून हीटर प्लग बघायचे.

“मग आमचं सीलचंच का?”

“थांब की. खरा धूर तुमचा दुपारी असतो. परवा मी भाजीला गेले तर तुझा नवरा बाजार समितीपाशी गाडीत बसलेला. एसी लावून, इंजिन चालू ठेवून, फोनवर. तासभर तरी. निघाला तेव्हा मागची ट्रॅक्टरवाली पोरं दिसेनात मला.”

ह्यात खोटं काही नव्हतं. उन्हाळ कांद्याचे दिवस, चाळीत माल भरलेला, आणि ह्यांना पिंपळगावचा भाव ऐकल्याशिवाय लासलगावात ट्रॉली लावायची नसते. गाडी हेच ह्यांचं ऑफिस.

काकूंनी मग टर्बोचं सांगितलं, तेही मेथीची काडी हातात गोल फिरवत. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरानं एक चक्र फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र इंजिनात हवा कोंबतं. दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो, आणि तरंगतो तो ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल तिथं दाबानं येतं, पण परत खाली जातं ते आपल्या वजनानं, एका नळीतून. ती नळी तुंबली, किंवा खाली चेंबरमध्येच हवेचा दाब वाढला, की ऑइलला उतरायला जागा नाही. मग ते सीलमधून बाजूनं निघतं. गाडी तासभर नुसती उभी चालू असली की टर्बोत हवेचा दाब नसतो आणि ऑइल आणखीच आरामात गळून साठतं. ॲक्सिलरेटर दाबला की साठलेलं सगळं एकदम जळतं.

“लोक काय करतात, नवा टर्बो बसवतात. आमच्याकडं आला होता एक. दुसरीकडून टर्बो बदलून आणलेला, आणि धूर तसाच. रडायचा बाकी. काकांनी ब्रीदरचा, म्हणजे खालच्या चेंबरची हवा सोडणारा पाइप काढला, आत काळा चिकटा. इंजिनाला श्वासच नव्हता.”

“आणि रिंगा गेल्या असतील तर?”

“तर चढाला, लोड असताना, न थांबता येतो धूर. कसाऱ्याचा घाट चढताना मागच्याला रस्ता दिसायचा नाही. पिकअपही पडतो गाडीचा. घाट उतरताना पाय काढून, खाली येऊन दाबला की लोट येतो, तो वॉल्व्ह सीलचा म्हणतात. ती खूण पेट्रोल गाडीला जास्त लागू. डिझेलला हवेच्या वाटेवर तशी झडप नसते, त्यामुळे ओढ कमी. पण आपल्याकडे सगळ्यांना एकच मंत्र पाठ.”

रविवारी काकूंनी काकांच्या हाताखालच्या पोऱ्याला बोलावलं. पोऱ्या म्हणायचं इतकंच, त्याचे आता कानशिलावरचे केस पांढरे आहेत. काकू खुर्ची घेऊन कुंपणाशी बसल्या. आमच्या अंगणात यायला मी म्हटलं, तर म्हणाल्या, “इथून दिसतं.”

त्यानं आधी ऑइलची काडी काढली. पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर! तेल खातेय म्हणून हे डबा आणून ओतत होते, काडी न बघता. जास्त झालेलं ऑइल खाली क्रँकनं घुसळलं जातं, त्याची वाफ ब्रीदरवाटे हवेच्या पाइपात येते आणि तीही जळते. हे मान खाली घालून फोन बघायला लागले. त्यानं काडीवरचं ऑइल हुंगून डिझेलचा वास नाही ना, एवढं पाहिलं आणि जास्तीचं काढून टाकलं.

मग एअर फिल्टर. तो बाहेर काढला आणि मला हसूच आलं. फिल्टरच्या घड्यांत धूळ तर होतीच, पण त्यात कांद्याचे पापुद्रे. लालसर, सोनेरी, काचेसारखे. दिवसभर ट्रॉल्यांच्या मधे गाडी चालू ठेवून बसलं की दुसरं काय आत जाणार? फिल्टर असा बंद झाला की टर्बो हवेसाठी जीव खाऊन ओढतो, आणि हवा मिळाली नाही की सीलमधून ऑइल ओढून घेतो.

टर्बोचा पाइप सोडवल्यावर त्यानं ह्यांना बोलावलं आणि बोटांनी दांडा हलवून दाखवला. बाजूला किंचित हलत होता. तेवढं चालतं, म्हणाला, ऑइलच्या थरासाठी जागा सोडलेली असते. मागंपुढं मात्र हलत नव्हता, आणि पात्यांच्या कडा हाउसिंगला घासल्याच्या खुणा नव्हत्या. इंटरकूलरचा होज आतून ओलसर होता. तोंड खाली केल्यावर चमचाभर ऑइल गळलं. “वाटीभर निघालं असतं तर टर्बो गेला म्हणालो असतो,” तो म्हणाला. शेवटी इंजिन चालू ठेवून त्यानं ऑइलचं झाकण उलटं करून नुसतं तोंडावर ठेवलं. ते थरथरत होतं. ब्रीदरचा पाइप काढून साफ करून बसवला, पुन्हा ठेवलं. झाकण जागचं हललं नाही. रिंगा पार गेलेल्या असत्या तर ब्रीदर साफ केल्यावरही ते उडालंच असतं.

परतीच्या नळीत मात्र कार्बनचे खडे निघाले. हायवेवरून गरम गाडी आणायची आणि दारात उभी राहिल्या राहिल्या किल्ली फिरवायची, ही ह्यांची खोड. टर्बो तापलेला, ऑइलचा पुरवठा बंद, आत राहिलेलं ऑइल करपतं. काकूंनी तिकडूनच ओरडून सांगितलं, “जिथं मिनिटभर चालू ठेवायची तिथं बंद, आणि जिथं बंद करायची तिथं तासभर चालू!” रात्री मुलाच्या फोनवर मी वाचलं, टर्बोचं पेटंट ब्युखी नावाच्या स्विस इंजिनियरनं 1905 साली घेतलंय. सकाळी काकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, “मग शंभर वर्षांत वापरायला शिकायला हवं होतं लोकांनी.”

एक गोष्ट मात्र त्यांनी हसत नाही सांगितली. सील एकदम फुटून ऑइल धो धो आत आलं, तर डिझेल इंजिन आपल्याच ऑइलवर पळतं. किल्ली काढून हातात घेतली तरी थांबत नाही, वेग वाढतच जातो. गॅरेजच्या दारात एक जीप अशी सुटली होती. काकांनी हवेच्या तोंडावर लाकडी फळी दाबून धरली तेव्हा ती घुसमटून बंद पडली. “हात नाही लावायचा तोंडावर, आत ओढतो. रस्त्यावर असलास तर सगळ्यात वरचा गिअर, ब्रेकवर उभं राहायचं आणि क्लच सोडायचा. तेही नाही जमलं तर लांब पळायचं. गाडी पुन्हा मिळते.” हे त्या ह्यांना उद्देशून बोलल्या. हे पहिल्यांदाच फोन खिशात ठेवून ऐकत होते.

बिल झालं ते फिल्टर, ऑइल, दोन गास्केटं आणि मजुरीचं. धूर लगेच गेला नाही. इंटरकूलरमध्ये आणि सायलेन्सरमध्ये आधीचं ऑइल बसलेलं असतं, ते जळून जाईपर्यंत येणारच, असं पोऱ्या बजावून गेला होता. तरी दुसऱ्याच दिवशी हे पुन्हा त्या दलालाला फोन लावायला निघाले होते. आठवड्यानं दुपारचा लोट थांबला. सकाळचा तेवढा आहे. हेड कधी उतरवलं तर तेव्हा सील बदलू. ऑइलच्या काडीचं वाचन मी गॅसच्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशेबाखाली.

“ते बरं झालं,” काकू म्हणाल्या, आणि मेथी पुन्हा हातात घेतली. मग कोपऱ्यावरच्या घराकडे नजर टाकून आवाज खाली आणला. “त्यांच्या पिकअपचं बघितलंस का? इंजिन गरम झालं तरी पांढरा धूर. आणि त्या घरातली बाई रोज सकाळी बादलीनं रेडिएटरमध्ये पाणी ओतते. हेड गास्केट गेलंय. पण तू काही बोलू नकोस हं. पोरीच्या लग्नाआधी विकायचीय त्यांना.”

“कुणाला?”

“तुझ्या दिरालाच तर दाखवलीय.”

मी पाण्याचा तांब्या तिथंच ठेवला आणि आत पळाले.